गुलाबी बियाणं

हे माझ्या तोंडातून कधी बाहेर पडलेलं नाही. गावाकडं आईला सांगितलं नाही, इथं आबांना नाही, वहिनींना तर नाहीच नाही. बैलांनासुद्धा नाही — आणि बैलांना मी बरंच काही सांगतो. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही मला ओळखत नाही. हे ऐकून झाल्यावर तुम्ही माझ्या ताटात भात वाढणार नाही.

भाताचं आधी सांगू, की बियाण्याचं? बघा, सुरुवातीलाच अडलं. दर वर्षी पेरणी जवळ आली की असंच होतं. मनात सगळं ओळीनं लागतं, आणि तोंड उघडलं की भलतंच काहीतरी बोलून मोकळा होतो. बैलाच्या वेसणीचं, नाहीतर तिफणीच्या फणाचं. वैताग आलाय मला स्वतःचा.

भाताचंच आधी. मी झाडीपट्टीतला, पार पूर्वेकडचा, धानाच्या मुलखातला. सहावीत शाळा सुटली. सुटली कसली, मीच सोडली. मग मिळेल ते काम करत एका ठेकेदाराच्या टोळीबरोबर चुडाव्याला आलो, रेल्वेच्या कामावर खडी टाकायला. तिथं काविळीनं आडवा झालो. टोळी पुढच्या कामावर निघून गेली, मी स्टेशनच्या बाकड्यावर राहिलो. आबा त्या दिवशी पाहुण्यांना गाडीत बसवून द्यायला आले होते. त्यांनी माझे डोळे बघितले, दंडाला धरलं आणि बैलगाडीत घातलं. नाव-गाव घरी पोचल्यावर विचारलं. झाडी म्हणालो, तेव्हापासून मी त्यांचा झाडीवाला.

घरात आबा, आणि त्यांची सून मंगलवहिनी. आबांचा मुलगा ट्रकवर. घरी पाहुण्यासारखा येतो आणि तसाच जातो. वहिनींनी माझं पथ्यपाणी केलं. घर सगळं ज्वारीचं, पण आजारात भाकरी माझ्या घशाखाली उतरेना, म्हणून त्यांनी माझ्यापुरती भाताची पातेली वेगळी चढवली. कावीळ गेली. मी त्यांच्याकडंच सालगडी म्हणून राहिलो. पातेली चढतीच राहिली. मी म्हणालो, वहिनी, आता भाकरी चालते मला. तर म्हणाल्या, "गप खा. घर सोडून आलेल्या माणसाला एक तरी घास घरचा लागतोय."

आजही ती पातेली चढते. ज्या बाईच्या हातचा तो भात आहे, तिच्याशी मी काय केलं — ते सांगायचंय. येतोच तिथं.

आमच्या रानाच्या कडेला लिंबाची, म्हणजे कडुलिंबाची, जुनी झाडं आहेत. त्याला आम्ही लिंबाचं वावर म्हणतो. जमीन भुसभुशीत, भुईमुगाला अशी की बघत राहावी. पण पाऊस पडला की संध्याकाळी त्या लिंबांवर भुंगेरे घोंघावतात, पाला खातात आणि खाली मातीत अंडी घालतात. त्यातून हुमणी निघते. पांढरी, जाडजूड, अंगाचं वेटोळं करून पडलेली अळी. जमिनीखालून मुळ्या खाते. वर झाड हिरवं दिसतं, मग पिवळं पडतं, आणि धरून ओढलं की अलगद हातात येतं, उंदरानं खालून मूळ कुरतडावं तसं. तेव्हा मग तुम्ही काही करू शकत नाही. जे करायचं ते पेरायच्या आधी, बियाण्याला.

हे मला वहिनींनी शिकवलं. बायकांच्या शेतीगटात त्यांना कोणीतरी बीजप्रक्रिया करून दाखवली होती. त्या दिवशी घरी आल्या त्या बोलतच. आधी बुरशीचं औषध, मग किडीचं, आणि मुळांना पोसणारे जिवाणू शेवटी. उलटं केलं तर जिवाणूच मरतात. दाण्यावरचं तांबडं साल निघता कामा नये, म्हणून हात हलका ठेवायचा. चोळायचं नाही, वरखाली करायचं. सावलीत सुकवायचं. हातमोजे घालायचे. दहावी झालेली बाई, पण मी तरी त्यांना स्वतःच्या मनातलं एवढं बोलताना आधी कधी ऐकलं नव्हतं. घरात त्यांचं बोलणं म्हणजे "जेवायला वाढू का" आणि "दूध आलं का".

आबांना पटेना. "बियाला इख लावायचं? बी म्हंजे लेकरू हाय. लेकराला कुणी इख लावतंय का?" वहिनी म्हणाल्या, "लेकराला लस टोचत्यात की, आबा." आबा नंतरही बरेच दिवस कुरकुरत राहिले, पण शेवटी म्हणाले, "बरं. लिंबाचं वावर औंदा तुझ्या मनानं. पुन्हा रडत येऊ नगं."

तुम्हाला यात काही मोठं वाटत नसेल. पण त्या घरात सुनेच्या मनानं एक वावर पेरलं जाणं — असं आधी झालंच नव्हतं. वहिनी त्या दिवशी भांडी घासताना गुणगुणत होत्या. मी गोठ्यातून ऐकलं. आणि मला बरं वाटलं. खरंच वाटलं! हे मुद्दाम लिहितो, कारण पुढचं वाचून तुम्हाला वाटेल याला त्या बाईचा दावा होता. नव्हता हो. दावा असता तर निदान काहीतरी कारण तरी सांगता आलं असतं.

दाणे फोडायला बायका होत्या. भुईमुगाचं बी यंत्रानं फोडत नाहीत, साल दुखावतं. अंगणात बसून हातानं फोडतात. पण औषध लावायचं काम आलं तेव्हा आबांनी हात आडवा घातला — "भाकरी थापायचा हात इखात न्हाई घालायचा. ते झाडीवाला करंल." त्यांचा तसा नियम. वहिनींनी मान डोलावली आणि मला समोर बसवून सगळं परत सांगितलं. मग विचारलं, "जमंल ना?"

मी म्हणालो, "जमंल की. धानाला आमी करतोच असलं."

खोटं. धानाचं बी आमच्याकडं मिठाच्या पाण्यात बुडवतात, पोचट दाणे वर येतात, ते काढून टाकतात. बस. कीटकनाशकाच्या बाटलीला मी आयुष्यात हात लावला नव्हता. माझा थोरला भाऊ कपाशीवर फवारायला मजुरीनं गेला होता आणि गाडीत घालून घरी आणला होता, तोंडातून फेस. वाचला. पण त्याच्या हातात चहाचा कप अजून थरथरतो. त्या बाटलीवरचा विषाच्या खुणेचा त्रिकोण बघितला की मला तो कप दिसतो.

आता तुम्ही म्हणाल, मग तसं सांगायचं! मी भितो म्हणून! वहिनी हसल्या नसत्या, रागावल्याही नसत्या. आबांनी दोन शिव्या घातल्या असत्या आणि शेजारचा कोणीतरी बोलावला असता. काय बिघडलं असतं? हाच प्रश्न मी स्वतःला इतक्या वेळा विचारलाय की आता त्याचाही कंटाळा आलाय. ज्यांनी बाकड्यावरून उचलून आणलं, त्यांना पहिल्याच जोखमीच्या कामाला नाही म्हणायचं? मला वाटलं, हे म्हणतील, याला ठेवून उपयोग काय. माझ्या मनात कायम तेच बाकडं. भावाच्या कपाचं मी कारण म्हणून सांगत नाही. हातमोजे समोर होते. धुवायला पाणी होतं. सगळं नीट समजावून सांगितलेलं होतं.

पेरणीच्या सकाळी मी गोठ्यात ताडपत्री पसरली, दाणे ओतले, बाटलीचं झाकण फिरवलं. आत गुलाबी पातळ औषध. वास नाकात गेला आणि पुन्हा तोच कप दिसला. मी झाकण लावलं. परत काढलं. परत लावलं. बैल माझ्याकडं बघत होते. आणि त्यांच्या डोक्यावरच्या कोनाड्यात मागच्या पोळ्याच्या रंगाची पुडी होती. बैलांच्या अंगावर ठिपके द्यायचा रंग. गुलाबी.

हो, तेच केलं.

दोन्ही औषधं बांधापलीकडं बाभळीखाली खड्डा करून त्यात टाकली. रिकाम्या बाटल्या पिशवीत ठेवल्या, दाखवायला. जिवाणूंसाठी वहिनींनी गुळाचं पाणी करून ठेवलं होतं, त्यातच पोळ्याचा रंग कालवला आणि दाण्यांवर शिंपडला. जिवाणूंची बाटली मात्र इमानदारीनं घातली — तिची भीती वाटत नव्हती ना! हात हलका ठेवला. साल निघू दिलं नाही. सावलीत सुकवलं. सगळं अगदी वहिनींनी सांगितलं तसं, फक्त औषध नाही. हातमोजेसुद्धा घातले, नंतर. ते गुलाबी दिसायला पाहिजेत म्हणून.

वहिनी बघायला आल्या. दाणे बघून म्हणाल्या, "किती एकसारखं लागलंय रे. साल पण शाबूत. मलाबी जमलं नसतं असं."

दुपारी बाभळीकडं गेलो तेव्हा खड्ड्याभोवती मुंग्या मरून पडल्या होत्या. म्हणजे औषध खरं होतं. हे जगात फक्त मला ठाऊक होतं, आणि त्या मुंग्यांना.

इथवर तुम्हाला वाटलं असेल, झालं याचं सांगून. मलाही काही वर्षं तसंच वाटायचं — बी रंगवलं, एवढाच माझा गुन्हा. मनात कबुली द्यायचो ती एवढ्याचीच. पण ते अर्धंही नाही. बी रंगवलं ते भीतीपोटी. त्याच दिवशी नंतर जे झालं, ते कशापोटी?

पेरणीला बायका आल्या. भुईमूग पेरताना बायका तिफणीच्या चाड्यावर मूठ धरून बी सोडतात आणि दुसऱ्या हातानं दोन दाणे तोंडात टाकतात. ती रीतच आहे, कोणी काही म्हणत नाही. म्हणून वहिनींनी वावरात पाय ठेवल्या ठेवल्या सगळ्यांना बजावलं, "आज एक दाणा तोंडात घालायचा न्हाई. इख हाय." काशीमावशी म्हणजे आमच्या गावातली सगळ्यात तिखट जीभ. ती ओंजळीत दाणे घेऊन म्हणाली, "अगं बया, ह्यांना तर लाली लावलीय! पेरायलोय का लगीन लावायलोय?" सगळ्या हसल्या. वहिनीही हसल्या. त्यांच्या वावराचा पहिला विनोद होता तो.

रुक्मिणबाई त्यात होती. ती शेजारच्या वस्तीतली, रोजानं येणारी. तिची चिमी, नुकती धड बोलायला लागलेली, लिंबाच्या सावलीत बसवली होती. बियाण्याची पोती त्याच सावलीत. मी बैल हाकत होतो. तिफणीचं तास घालून वळलो तेव्हा चिमी पोत्याशी होती. तोंड गुलाबी. गालांवर गुलाबी. आणि खात होती, आवडीनं खात होती.

का नाही खाणार? मी गूळ लावला होता ना त्यांना. औषधाच्या वासाचे दाणे त्या पोरीनं थुंकून टाकले असते. मी तिच्यापुढं गूळ-दाणे ठेवले होते.

रुक्मिणबाईनं जी किंकाळी फोडली ती मला अजून ऐकू येते. "माझी चिमी! इख खाल्लं वो पोरीनं!" बायका धावल्या. वहिनी डोक्यावरची भाकरीची पाटी टाकून धावल्या. त्यांनी पोरीला मांडीवर उपडं घेतलं आणि घशात बोट घातलं. पोर गुदमरून रडायला लागली. कोणी मिठाचं पाणी आणलं. कोणी रस्त्यावरची मोटारसायकल थांबवली. वहिनी मधेच उठल्या, माझ्याकडं पळत आल्या आणि म्हणाल्या, "भाऊ, बाटली कुठं हाय? डॉक्टरला दावावी लागंल. दे, लवकर दे!"

थांबा. इथं थांबू द्या जरा.

मी तिफणीपाशी उभा होतो. एका हातात कासरा. पिशवी जूला अडकवलेली. एक वाक्य लागत होतं, वहिनी, तो पोळ्याचा रंग आहे. एवढंच. बैल चाटतात तो रंग. पोरीला काही होणार नाही. तिच्या घशातून बोट काढा. एवढं बोलायला दम लागत नाही, शाळा लागत नाही.

मी पिशवीत हात घातला आणि त्यांना बाटली दिली.

ती बाटली घेऊन वहिनी आणि रुक्मिणबाई पोरीला मधे धरून ताडकळसच्या दवाखान्यात गेल्या. डॉक्टरनं बाटलीवरचं नाव वाचलं आणि जे करायचं ते केलं. नळी घालून पोट धुतलं. दोन बायकांनी तिचे हात-पाय धरले होते. पोटात नसलेलं विष काढायला. रात्रभर ठेवून घेतलं. परत आणली तेव्हा चिमीचा आवाज बसला होता, आणि कोणी जवळ गेलं की ती तोंड गच्च मिटून घ्यायची.

त्या संध्याकाळी आबा काय म्हणाले, ऐकायचंय? ओसरीवर चार माणसं जमली होती. आबा त्यांना सांगत होते — "सगळे बिनकामाचे पळाले. ह्या झाडीवाल्यानं तेवढा कासरा सोडला न्हाई. बैल उधळले असते तर तिफणीखाली आनखी एखादं गेलं असतं. डोस्कं ठिकाणावर लागतंय असल्या येळेला." आणि त्यांनी माझ्या पाठीवर थाप मारली. मी ती घेतली.

पुढचं तुम्ही ओळखलंच असेल. डॉक्टर म्हणाले होते, पोरीला विषबाधेचं काही लक्षण दिसत नाही. आबांनी त्याचा अर्थ लावला की औषधच नकली. दुकानावर जाऊन तिथल्या माणसाला नको नको ते बोलून आले. मग पिकाला फुलं लागली आणि लिंबाच्या बाजूनं वावर पिवळं पडत गेलं. आबांनी एक झाड उपटलं, खालची हुमणी चिमटीत धरून घरी आणली आणि वहिनींपुढं ओट्यावर ठेवली. "बघ. तुझं गुलाबी बियाणं खाऊन कशी गुटगुटीत झालीय."

वहिनींनी ती अळी सुपावर घेतली आणि कोंबड्यांना टाकली.

त्या दिवसापासून "गुलाबी बियाणं" ही आमच्या घरातली म्हण झाली. वहिनी म्हणाल्या ठिबक करू, तर — "आलं का गुलाबी बियाणं!" वहिनी म्हणाल्या सोयाबीनचं वाण बदलू, तर तेच. दादा, म्हणजे आबांचा ट्रकवरचा मुलगा, घरी आला आणि वहिनींनी त्याच्याशी काही वेगळं बोलायला सुरुवात केली की तोही हसून तेच म्हणतो. आता वहिनी म्हणतच नाहीत काही. "जेवायला वाढू का" आणि "दूध आलं का". गुणगुणणं मी परत ऐकलं नाही.

आणि वैताग कसला म्हणाल तर हा — हुमणी दर वर्षी येते! दर वर्षी! लिंबांवर भुंगेरे बसतात, मी बघतो, मला कळतं, आणि मी आबांच्या मागं लागतो की आबा, औंदा बियाण्याला औषध लावू, खरंच गुण येतो त्याचा. आबा म्हणतात, "तूच लावलं हुतं ना? सोताच्या हातानं? आलता का गुण?" माझ्याच हातानं रंगवलेले दाणे माझ्या तोंडावर फेकतात आणि ते खरे आहेत असं मला मानावं लागतं. एकदा मी म्हणालो, तेव्हा माझ्या हातून काही कमी-जास्त झालं असेल. तर आबा उलट माझीच समजूत घालतात — "तुझी काय चूक न्हाई रं. मंगलनंच आणलं हुतं नकली औषध." आणि वहिनी मान खाली घालून ऐकतात. अहो, चिडा ना माझ्यावर कोणीतरी! एकदा तरी संशय घ्या! इतक्या वर्षांत कोणाच्या मनात आलं नाही की त्या गड्याला विचारावं, तू नेमकं काय केलंस. भरवशाचा माणूस म्हणे. कावीळ झाली होती तेव्हा डोळे तरी पिवळे दिसत होते.

पण खरं कारण आबांचं नाही. वहिनींना वेगळं गाठून मी एकदा सांगून बघितलं, तुम्ही आबांना समजवा. त्यांनी हातातली परात खाली ठेवली. म्हणाल्या, "नगं. पोरीचा तेवढा जीव वाचला, देवाचं उपकार. माझ्या हौसेपायी एक लेकरू गेलं असतं. म्या त्या दिशीच कानाला खडा लावला."

माझ्या हौसेपायी. त्या असं म्हणतात. संक्रांतीला चिमीला फ्रॉक घेतात. शाळेची पिशवी त्यांनीच घेतली. रुक्मिणबाई म्हणते, वहिनींचा लय जीव आहे पोरीवर. जीव आहेच. पण मला ते बघवत नाही. त्या काहीतरी फेडतात, आणि जे फेडतात ते त्यांनी केलेलंच नाही.

हे असंच चालत राहिलं असतं. मी हा कागद घेतला तो परवाच्या एका गोष्टीमुळं.

पेरणी तोंडावर आहे. परवा अंगणात बायका शेंगा फोडत होत्या. वहिनी सुपात दाणे पाखडत होत्या, कुठलंही औषध न लावलेले, आत्ता टरफलातून निघालेले दाणे. चिमी शाळेतून आली. आता ती दप्तर टाकून आमच्याच अंगणात येते. येता येता सुपात हात घातला आणि मूठभर दाणे तोंडाकडं नेले.

वहिनींनी तिच्या हातावर फाडकन मारलं. दाणे अंगणभर उडाले. मग दोन्ही हातांनी तिचं तोंड धरलं, उघडलं, आत बोट घालायला गेल्या — आणि थांबल्या. सगळ्या बायका बघत होत्या. काशीमावशी म्हणाली, "अगं मंगल, साधेच दाणे हायती की." चिमी रडायची विसरून बघत राहिली. वहिनींनी स्वतःच्या हाताकडं असं बघितलं, जणू तो दुसऱ्याच कोणाचा. मग खाली बसल्या आणि सांडलेले दाणे वेचायला लागल्या.

मीही वेचू लागलो. दुसरं काय केलं? वेचलेले दाणे त्यांच्या सुपात टाकले आणि गोठ्यात गेलो.

त्या रात्रीही पातेली चढली होती. मी भात दोनदा घेतला. त्यांना वाईट वाटू नये म्हणून.

आता लिहिता लिहिता माझ्या मनात काय आलं, तेही सांगतो, म्हणजे तुम्हाला माझी जात कळेल. आमच्या घरी शेतीचं एक मासिक येतं. वहिनी ते ओसरीवर मोठ्यानं वाचतात, आबांना ऐकू जावं म्हणून. मी ठरवत होतो की हे तिकडं पाठवावं. छापून आलं तर वहिनीच वाचतील, स्वतःच्या तोंडानं, आणि मी तेव्हा गोठ्यात असेन. बघा! इथंही पळवाट! त्यांनीच वाचायचं, त्यांनीच अडखळायचं, आणि मी कासरा धरून उभा!

नाही. पुढचं जे आहे ते मीच वाचणार. आज, दिवस मावळायच्या आत, अंगणात. रुक्मिणबाईला निरोप धाडलाय. काशीमावशी बोलावली नाही तरी येईल. माझ्या कपड्यांची पिशवी भरून ठेवलीय. मला कामावर ठेवून घ्या म्हणून म्हणणार नाही. झालेलं सगळं तोंडानं बोलायला गेलो तर परत वेसणीचं बोलेन, म्हणून लिहून काढलं आहे.

वहिनी, चिमीनं खाल्ले त्या दाण्यांवर औषध नव्हतं. औषध मी बाभळीखाली टाकलं होतं. ते नकली नव्हतं. तिथं मुंग्या मेल्या होत्या. दाण्यांना पोळ्याचा रंग आणि गूळ मी लावला. हुमणी आली ती त्याच्यामुळं. तुमचं काही चुकलं नव्हतं, तुम्ही सांगितलं ते सगळं बरोबर होतं. तुमच्या हातून कुठलंही लेकरू मरणार नव्हतं. तुम्ही तिच्या घशात बोट घालत होता तेव्हा मला हे माहीत होतं. तुम्ही बाटली मागितली तेव्हाही माहीत होतं. रुक्मिणबाई, तुमच्या पोरीच्या नाकात नळी घातली ती माझ्यामुळं. आबा, मी कासरा धरून ठेवला म्हणून तुम्ही माझी पाठ थोपटली होती. बैल गरीब होते. सोडले असते तरी कुठं गेले नसते.